ह्यांचं कुलूप

चोरी झाली समोरच्या नर्सबाईंकडे आणि घरात कोंडून घेतलं आमच्या ह्यांनी! नर्सबाई आठवड्याभरात पुन्हा फिरायला जाऊ लागल्या. हे मात्र दाराला चिकटून बसले. घर रिकामं सोडायचं नाही म्हणजे नाही.

लोक म्हणायचे, जन्मभर कुलपांचं दुकान चालवलेल्या माणसाला कसली आली भीती? अहो, त्यालाच तर खरी भीती! किल्ली हरवली की लोक ह्यांनाच बोलावायचे, आणि हे वाकड्या तारेनं दार उघडून द्यायचे. "मला जमतं ते चोराला जमणार नाही होय?" हे त्यांचं पालुपद. मला कधी त्यांची कीव यायची, कधी डोकं फिरायचं.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच एक कुलूप बनवायला घेतलं. दार ओढलं की आपोआप लागणारं. मला भाजी चिरायला जागा उरली नाही. मिठाच्या बरणीतसुद्धा लोखंडाचा कीस!

कुलूप दाराला बसलं त्याच संध्याकाळी नातीच्या शाळेत नाटक होतं. तिचं पहिलंच नाटक, काम झाडाचं. "आजोबा, तुम्ही नक्की येणार ना?" असं तिनं फोनवर विचारलं, तर हे नुसतं "बघू" म्हणाले. पोरगी पहिल्यांदा झाड होणार, ते काही पुन्हा पुन्हा नाही!

"आज आला नाहीत, तर मी तुमच्याशी बोलणार नाही," मी ठणकावलं.

"अगं, पण घर..."

"घराला काय पाय फुटणार आहेत?"

"तू जा. मी थांबतो. फक्त बाहेर ये, कुलूप कसं लागतं ते बघून जा."

आम्ही दोघं बाहेर आलो. ह्यांनी दार ओढलं. खट्! झकास लागलं. किल्ल्या आत, खुंटीवर.

मी कपाळाला हात लावला. हे मात्र निवांत. "आत्ता उघडतो," म्हणत खिशातली तार काढली. ती वाकली. दुसरी काढली, ती तुटली. नर्सबाईंनी केसातली पिन दिली, तिचीही तीच गत. ह्यांना घाम फुटला आणि ते पायरीवर मटकन बसले. मी घाबरून वाकले. बघते तर हसतायत!

"अगं, मला उघडेना!"

"दिसतंय ते!"

"मला उघडेना! मला!" डोळे पुसत ते उठले. "मग चोराच्या बापालाही उघडणार नाही. चल चल, उशीर होतोय."

उशीर होतोय, हे मला सांगतात!

"अहो, अंगावर घरातला विटका सदरा आहे. आणि नंतर आत कसं जायचं?"

"आज लेकीकडे झोपू. किती दिवसांत गेलो नाही," असं म्हणत हे जिना उतरूही लागले.

आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा नाटक सुरू झालं होतं. झाडानं जागचं हलायचं नाही, असं शाळेतल्या बाईंनी बजावलेलं. पण वाकून खुर्ची शोधणारे आजोबा दिसले मात्र, आमच्या झाडानं दोन्ही फांद्या उडवल्या आणि ते ओरडलं, "आजोबा आले!"

राजाचं वाक्य तोंडातच राहिलं. सगळे वळून बघू लागले. आणि विटक्या सदऱ्यातले आमचे हे, ताठ उभे राहून, झाडाला दोन्ही हात हलवत होते.