ताईकडे धुवायला आलेले शर्ट

ताईच्या लॉन्ड्रीत दिलेला कपडा डागासकट परत गेला, असं कधी झालं नव्हतं. शाई असो, तेल असो, गंज असो, ती आधी कपड्याच्या मालकाला दोन शब्द सुनवायची आणि मग डागाकडे वळायची. मालकापेक्षा डाग बरा, निदान उलटून बोलत नाही, असं तिचं म्हणणं. वडिलांच्या मागे दुकान तिनेच चालवलं, धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, आणि पोरगं चित्रकलेत नाव काढेल म्हणून रंगही तिनेच घेऊन दिले.

नाव त्याने काढलंच. कारखान्याने हुसकावून लावलेल्या वस्तीतल्या माणसांचे चेहरे त्याने त्याच कारखान्याच्या भिंतीवर रंगवले, चांगले पुरुषभर उंचीचे, आणि खाली कविता लिहिली. कविता लोकांच्या तोंडी बसली, मोर्चात म्हटली जाऊ लागली. मग एका सकाळी भिंतीला चुना फासला गेला आणि पोलीस धाकट्याला घेऊन गेले. जामीन काही मिळेना.

पहिल्या भेटीत जाळीपलीकडे त्याचा चेहरा पार उतरलेला होता. आणि काळजी वाटली की ताईच्या तोंडाचा पट्टा सुटतो, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक.

"जेलात जाऊन बसायला शिकवलं होतं का तुला?" ती म्हणाली. "तुझी ती सगळी रंगरंगोटी एकदा घासून धुऊन काढायला हवी."

तो नुसता हसला आणि म्हणाला, "माझे शर्ट तेवढे धुवायला नेशील ना, ताई?"

नेणार नाही तर काय करणार होती? दर भेटीला ती फाटकावर धुतलेले शर्ट द्यायची आणि मळक्यांचं गाठोडं घेऊन यायची. जेलात ढेकूण फार, असं तिने ऐकलं होतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत एक जरी शिरला तरी दुकानाची अब्रू गेली. म्हणून ते गाठोडं ती सोडायचीच नाही, आल्या आल्या तसंच औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी शर्ट बाहेर काढावेत तर पाठीवर हे तपकिरी-काळे ओघळ. चहा पितो की अंगावर ओततो हा मेला? वर पुन्हा गंजही कुठून लावून घेतो कोण जाणे. ताई इरेला पेटायची. आधी गंज काढायची पावडर, मग साबण, मग दिवसभराचं कडक ऊन. शर्ट असे झळझळीत व्हायचे की फाटकावरचा हवालदार म्हणायचा, "ताई, आमचाही गणवेश घ्या की एकदा."

तिला अभिमान वाटायचा. भावासाठी आपल्या हातून तेवढं तरी होतंय, असं वाटायचं.

मग धाकट्याच्याच बराकीत असलेला एक सुतार सुटून आला आणि तिला भेटायला दुकानात शिरला. नमस्कार झाला, पाणी झालं. त्याची नजर मात्र भिंतींवरून फिरत राहिली.

"चित्रं घरी ठेवलीत होय?" त्याने विचारलं. "बरोबर आहे. दुकानात नकोच."

"कसली चित्रं?"

"शर्टांवरची."

सुताराने आवाज खाली आणून सगळं सांगितलं. जेलात कागद-पेन्सिल बंद. धाकटा काळ्या चहात गंजका खिळा भिजत घालायचा, त्याची काळी शाई व्हायची. नुसत्या चहाचा तपकिरी रंग. सगळी बराक आपापला चहा त्याला द्यायची. शर्टाच्या पाठीला आतल्या बाजूने चित्र काढायचा आणि खाली कविता. मळक्या कपड्यांना फाटकावर कोण हात लावतो?

"म्हणायचा, एकदा ताईच्या हातात पडलं की काळजी नाही," सुतार म्हणाला.

ताई कपड्यांच्या ढिगावरच बसली. तिने विचारलं, "शर्ट परत आल्यावर काय म्हणाला तो?"

"आधी म्हणाला, उतरवून घेतलं असेल, मग धुतलं असेल. पण तुम्ही भेटीत कधी चकार शब्द काढला नाही." सुतार घुटमळला. "मग एकदा म्हणाला, ताईने तोंडावर सांगितलं होतं, धुऊन काढायला हवं म्हणून. ती बोलते तसं करते. तेव्हापासून सगळं बंद. लोक चहा पुढे करतात, हा म्हणतो, प्या तुम्ही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. ताई, माणूस आतून चाललाय."

ताई रडली. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, पदरात तोंड न लपवता रडली. शर्ट मागायला आलेल्या एका साहेबांना तिने "उद्या या" एवढंच सांगितलं आणि ते बिचारे मुकाट्याने गेले.

पुढच्या भेटीला ती गेली तेव्हा सांगायचं पोटात मावत नव्हतं आणि हवालदार स्टूल टाकून शेजारीच बसला होता. एक शब्द वेडावाकडा गेला तर कपड्यांचं येणंजाणंच बंद पडणार. आडून बोलायची तर तिला जन्मात सवय नाही. धाकटा जाळीमागे उभा होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीला.

"माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं फार मोठं नुकसान झालं," ती म्हणाली. "ढेकणांच्या भीतीने मी त्याचं गाठोडं कधी उघडलंच नाही. न बघताच पाण्यात टाकत गेले. आत काय होतं ते मला परवा कळलं."

धाकट्याने मान वर केली.

"त्याला वाटतं मी मुद्दाम केलं," ताई म्हणाली. "अरे, मी तोंडाळ आहे, दुष्ट नाही. मला ठाऊक असतं तर मी ते शर्ट देवासारखे जपले असते. माझं जेवण जात नाही रे तेव्हापासून."

"गिऱ्हाइकं असतातच तसली," हवालदार मध्येच म्हणाला. "सोडून द्या, ताई."

धाकट्याने जाळीला बोटं लावली. "आता काय करावं म्हणतेस त्या गिऱ्हाइकाने?"

"शर्ट द्यावा पुन्हा. हवा तितका मळवून द्यावा."

पुढच्या खेपेचं गाठोडं ताईने दुकानात आणून थेट इस्त्रीच्या टेबलावर सोडलं. ढेकूण गेले खड्ड्यात. पहिला शर्ट उलटा केला, नुसता घामट. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या पाठीला आतून चित्र होतं. दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि एकच पेला या हातातून त्या हातात चाललेला. रेषा घाईच्या होत्या, एका कडेला घामाने पुसटल्याही होत्या. खाली दोन ओळी.

आज चहा कुणीच प्यायला नाही,
आज आम्ही सगळे ताईकडे निघालो.

तिने त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. मग दुकानाचं दार लोटून घेतलं. चहाचा डाग नुसता ठेवला तर हवेतल्या ओलीनेही पसरतो, विटतो. आणि वडिलांनी धंद्यातली अगदी पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की डागावर इस्त्री फिरवायची नाही. आच लागली की डाग धाग्यात बसतो, मग भल्याभल्यांच्या हातून निघत नाही. एवढ्या वर्षांत ताईने ती चूक कधी केली नव्हती.

तिने इस्त्री चांगली कडक तापू दिली, तळहाताने शर्टाच्या सुरकुत्या सारख्या केल्या, आणि डोळे पुसून कवितेपासून सुरुवात केली.