यामिनीचा संसार लिहिणारी वही

मित्रांनो, मी एक जुनी लांब वही आहे. जुनी म्हणजे अवघी चार वर्षांची, पण वहीचं आयुष्य वर्षांवर मोजत नाहीत, भरलेल्या पानांवर मोजतात. तसं पाहिलं तर मी आता म्हातारी झाले. मला लाल कापडी पुठ्ठा आहे आणि त्यावर जाड प्लास्टिकचं कव्हर आहे. दिसायला मी अजूनही बरी आहे, हे मला ठाऊक आहे.

सीताबर्डीच्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते. तिथून मला नीलाताईंनी उचललं. नीलाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. हिंगणा रोडच्या एका कॉलनीत त्यांचं बायकांचं वाचन मंडळ होतं. बऱ्याच जणींचे नवरे एमआयडीसीत कामाला. या सगळ्या जणींनी एक साठ वर्षांपूर्वीची प्रेमकथा वाचून वाचून खिळखिळी केली होती. नायिका यामिनी, नायक श्रीरंग. तीनशे पानं दोघांची ताटातूट, आणि शेवटच्या पानावर यामिनी तांदळाचं माप ओलांडून घरात येते. संपलं. लग्नानंतर काय झालं ते लेखकानं सांगितलंच नाही. शहाणा माणूस होता.

मंडळाला मात्र चैन पडेना. यामिनीचा संसार आपण लिहायचा, असं ठरलं. दर महिन्याला एकीनं मला घरी न्यायचं आणि एक प्रकरण लिहायचं. पुढची पाळी जिची, तिच्या घरी बैठक, आणि ते प्रकरण तिनंच मोठ्यानं वाचायचं. आधी डोकावायचं नाही. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. "लग्न जसं परत घेता येत नाही, तसं लिहिलेलंही नाही," असं नीलाताईंनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे.

माझे ते दिवस फार मजेचे होते. जिला जे मिळालं नाही, ते ती यामिनीला देत होती. एकीनं तिला तीन मजली घर दिलं, एकीनं कलेक्टर ऑफिसात नोकरी. एकीनं मात्र तिला खाष्ट नणंद दिली आणि नणंदेच्या हनुवटीवर तीळ काढला. लिहिणारीच्या खऱ्या नणंदेलाही तिथंच तीळ होता. त्या दिवशी बायका हसून हसून लोळल्या. मीही खूश होते. घरोघरी मातीच्या चुली, त्या माझ्यात पेटल्या तर बिघडलं कुठं, असं मला वाटायचं.

मंडळात शामला नावाची एक बाई होती. मनानं वाईट नव्हती, पण तिचं लिखाण अळणी. तिच्या प्रकरणाला कुणी दाद देत नसे. तिच्या शेजारी वंदना राहायची. वंदनाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासू जयवंताबाईंनी तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला होता, सोळा सोमवार करायला लावले होते, चांदीच्या पाळण्याचा नवस बोलला होता. चार लोकांत त्या तिला वांझ म्हणत. वंदना तोंडातून अवाक्षर काढत नसे.

एप्रिलमध्ये दोघी गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्या उन्हात वंदनाचा धीर सुटला आणि तिनं शामलाला खरं सांगितलं. डॉक्टरांच्या कागदावर दोष तिचा नव्हता. धर्मेंद्रचा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. कागद पिवळ्या फाइलीत, लग्नाच्या शालूखाली ठेवला होता. 'आईले सांगू नको,' असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं, आणि पाच वर्षं तिनं ते पाळलं होतं.

मे महिन्यात पाळी शामलाची आली. मला सगळं आठवतं, कारण तिची लेखणी माझ्यावर पहिल्यांदाच न अडखळता चालली. दोरा, सोमवार, नवस, शालू, पिवळी फाइल, सगळं तिनं जसंच्या तसं यामिनीच्या नावावर टाकलं. नाव बदललं की गुपित राहतं, असा तिचा समज होता. खरं सांगू? मलाही ते प्रकरण आवडलं. इतकं जिवंत माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं.

पुढची पाळी वंदनाची होती. म्हणून बैठक तिच्या घरी झाली. शनिवारची दुपार, बाहेर आग ओकणारं ऊन. बायका चिवडा खात होत्या. जयवंताबाई दिवाणावर बसल्या होत्या. धर्मेंद्रला रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच होता आणि खिडकीबाहेर उभा राहून कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होता.

वंदनानं मला उघडलं. पहिलं पान तिनं छान वाचलं. दुसऱ्या पानावर काळा दोरा आला आणि ती थांबली. तिनं शामलाकडे पाहिलं. शामला कौतुकाची वाट पाहत होती.

"काहून थांबली वं?" जयवंताबाई म्हणाल्या. "वाच ना."

वंदनानं वाचलं. बोटं इतकी घट्ट रुतली होती की माझं पान चुरगळलं. मग ते वाक्य आलं. माझ्यावर लिहिलं होतं, 'कागदावर दोष श्रीरंगचा होता.' वंदनानं वाचलं, "कागदावर दोष यामिनीचा होता."

मित्रांनो, तिनं एका नावात नवऱ्याला वाचवलं होतं. कुणाला कळलंही नसतं.

"थांब वं," शामला म्हणाली. "मी असं नाही लिहिलं. दोष श्रीरंगचा आहे. नीट वाच, सगळी मजाच जाऊन राहिली."

"तेच वाचून राहिली मी," वंदना म्हणाली.

नीलाताईंनी हात पुढं केला. "आण इकडे. नियम म्हणजे नियम. लिहिलं तसंच वाचायचं."

आणि नीलाताईंनी ते पुन्हा वाचलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. दोष श्रीरंगचा. फाइल पिवळी. शालूखाली. आईला सांगू नको. खिडकीबाहेर कूलर भरून पाणी वाहत होतं आणि पाइप कुणी बाजूला करत नव्हतं.

वाचन संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. ज्यांना कळलं त्यांनीही वाजवल्या, हे मी विसरले नाही. "शामला, आज जीव ओतला वं," एकजण म्हणाली. जयवंताबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "दोरा तर मी बांधला होता. हिले कसा माहीत?" शामला चिवड्याच्या बशीत पाहत राहिली.

जयवंताबाई उठून आत गेल्या. शालूखाली फाइल होती, पण रिकामी. कागद धर्मेंद्रनं मागच्या दारानं येऊन आधीच काढला होता आणि फाडून टाकला होता. आठ दिवस त्या विचारत राहिल्या, "खरं काय ते तू सांग गा धर्मा." धर्मा मूग गिळून ड्यूटीवर जात राहिला. वंदनाशी तो एकच वाक्य बोलला, "तुनं सांगितलं." ते खरं होतं.

मी महिनाभर त्याच घरात होते. ती मला फाडेल, चुलीत घालेल, असं मला रोज वाटायचं. तिनं तसं काही केलं नाही. एका दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि लिहू लागली. यामिनीनं मैत्रिणीला खोटं सांगितलं होतं. लोकांत आपली लाज राहावी म्हणून तिनं देवासारख्या नवऱ्यावर बालंट आणलं होतं. श्रीरंगमध्ये काहीच दोष नव्हता.

धर्मेंद्र दारात उभा होता. त्याला तिच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. ती दोनदा थांबली. दोनदा मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नुसतं 'राहू दे' म्हटलं असतं, तर पेन तिथंच गळून पडलं असतं. मला ते कळत होतं, कारण तिचा हात माझ्यावर होता.

तो म्हणाला, "अक्षर मोठं काढ. आईले वाचता आलं पाहिजे."

तिनं मोठं अक्षर काढलं. जयवंताबाईंनी ते प्रकरण चष्मा लावून दोनदा वाचलं. "मी म्हणतच होती," त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात वंदनाची पेटी तिच्या माहेरच्या, काटोलच्या बसवर चढली. तिला सोडायला स्टँडवर कुणी गेलं नाही.

मंडळाला तिचं प्रकरण पटलं नाही. यामिनी इतकी खोटारडी नसेल, असं सगळ्यांचं मत पडलं. नीलाताईंनी खाली शेरा मारला, 'कल्पना ओढूनताणून.' शामलाच्या प्रकरणाला मात्र एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. माझं हे प्लास्टिकचं कव्हर त्याच वेळचं. शेवटच्या प्रकरणात श्रीरंग दुसरं लग्न करतो आणि पाळणा हलतो. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खऱ्या धर्मेंद्रचंही दुसरं लग्न झालं. पाळणा अजून हललेला नाही. त्या नव्या मुलीच्या गळ्यात आता काळा दोरा आहे, आणि धर्मेंद्र अजूनही काही बोलत नाही.

मित्रांनो, शेवटी मी तुम्हाला सांगायला हवं की वह्या जपा, कव्हर घाला, पानं दुमडू नका. पण मला तर फार जपलं. मी काचेच्या कपाटात आहे आणि मला स्वतःची लाज वाटते. म्हणून दुसरंच सांगते. कुणी उन्हातान्हात तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर ते तुम्हाला सांभाळायला दिलेलं असतं. त्यावर टाळ्या मिळवू नका. आणि कुणी तुमची लाज राखायला स्वतःवर चिखल उडवून घेत असेल, तर जाऊन तिच्या हातातलं पेन काढून घ्या. दारापासून टेबल चार पावलांवर होतं. मी तिथंच होते, मी पाहिलं.