मागच्या खोलीचा ताप

सिस्टर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं. चौतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढलेली बाई. त्या सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला आणि सिस्टर स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "अहो! शनिवारी नात घरी येतेय!"

नवरा हातातलं वर्तमानपत्र टाकून धावत आला. बाळ दोन महिने आधी जन्माला आलेलं. पाच आठवडे काचेच्या पेटीत काढून, मूठभर जीव आता कुठे पावणेदोन किलोंचा झाला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली होती. अट एकच, खोली फार तापता कामा नये आणि गारठताही कामा नये.

"मग काय अडचण आहे?" नवरा म्हणाला. "त्यासाठीच तर एवढं यंत्र बसवून घेतलंय."

अडचण तिथेच होती. तीन आठवड्यांपूर्वी घरभर छतातून डक्ट, म्हणजे हवा नेणारे जाड नळ, फिरवले होते. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब, सगळं एका बटणावर. पुढच्या तिन्ही खोल्यांत कसं छान वाटायचं. पण बाळासाठी रंगवलेल्या मागच्या खोलीत शिरलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं.

सिस्टरनी कंत्राटदाराला फोन लावला. ही चौथी वेळ.

"मावशी, नवीन यंत्र आहे, जरा रुळू द्या," तो म्हणाला. "शिवाय ती खोली पश्चिमेची. आणि रागावू नका हं, पण या वयात बायकांना उगाच गरम होतं."

सिस्टरनी फोन ठेवला. नवऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"मला गरम होतं काय?" सिस्टर म्हणाल्या. "थांब म्हणावं. आता पेशंटचा तक्ताच मांडते."

चारही खोल्यांत थर्मामीटर टांगले गेले. दर तासाला नोंद. नवरा आकडे वाचायचा, सिस्टर लिहायच्या. पुढच्या खोल्या पंचवीस अंशांवर शहाण्या मुलांसारख्या बसलेल्या. मागची खोली एकतीस. पण खरी गंमत मंगळवारी दुपारी कळली. तक्त्यावरून बोट फिरवता फिरवता सिस्टर थबकल्या.

"अहो, हे बघा! यंत्र बंद केलं तरी खोली एकतीस. चालू केलं तरी एकतीस! औषध देऊनही ताप उतरत नाहीये!"

"म्हणजे?"

"म्हणजे औषध पेशंटच्या पोटात जातच नाहीये. दुसरीकडेच कुठेतरी सांडतंय."

त्यांनी पातळ कागदाची एक पट्टी कापून मागच्या खोलीतल्या छताच्या जाळीला चिकटवली. बैठकीतल्या जाळीला लावलेली तशीच पट्टी फडफडत होती. ही मात्र मेल्यासारखी लोंबकळत राहिली. सिस्टरना घाम फुटला होता, पण डोळे चमकत होते. "शिडी आणा."

"अगं, त्रेसष्ट वर्षांची आहेस तू!"

"म्हणून तर शिडी. नाहीतर उडी मारली असती."

नवऱ्याने दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली. सिस्टरनी माळ्याची झडप वर ढकलली आणि डोकं आत घातलं. वर पत्रे तापलेले, कोंदट अंधार, आणि अशा ठिकाणी त्यांच्या तोंडावर थंडगार वाऱ्याचा झोत आला! विजेरी फिरवली तर मागच्या खोलीकडे जाणारा जाडजूड डक्ट तोंड वाकडं करून तुळईवर पडलेला. त्यातून भसाभसा गारवा सुटत होता. खोलीच्या जाळीकडचं तोंड हातभर अंतरावर, उघडंच.

"सापडलं!" सिस्टर वरून इतक्या मोठ्याने ओरडल्या की नवऱ्याच्या हातून शिडी सुटता सुटता राहिली. "अहो, आपण तीन आठवडे माळ्याला वारा घालतोय!"

बुधवारी दुपारी कंत्राटदार आला. उंचापुरा, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. सिस्टरनी माळ्यावर काय सापडलं ते सांगितलं आणि तक्ता पुढे केला. त्याने पाहिल्यासारखं केलं.

"माळ्यावर चढला होतात ना तुम्ही? मग तुमच्याच धक्क्याने सुटला असणार. आम्ही पक्का बसवून दिला होता. मावशी, आता हे आमच्याकडे येत नाही."

नवरा काही बोलणार, तेवढ्यात सिस्टर हसल्या. हे वाक्य येणार हे त्यांनी आधीच धरलं होतं.

"मी काल चढले. हा तक्ता सोमवारपासूनचा आहे, आणि तुम्हाला माझा पहिला फोन तीन आठवड्यांपूर्वीचा. बरं, तेही सोडा. पक्का बसवला होता म्हणता. कशाने?"

"स्क्रू मारून. वरून पट्टी चिकटवून."

"टाके घातले तर सुईच्या खुणा राहतात. चढा वर आणि मला एक भोक दाखवा. एक दाखवलंत तर मी तुमची माफी मागेन."

कंत्राटदाराने शर्टाकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकून तो चढला. वर बराच वेळ खुडबूड चालली होती. खाली सिस्टर येरझारा घालत होत्या, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारख्या.

तो उतरला तेव्हा कपाळावर कोळिष्टकं, शर्टाला काळे पट्टे. शिडीच्या शेवटच्या पायरीवर तो तसाच बसला.

"कोरा पत्रा आहे," तो म्हणाला. "एकही भोक नाही. माझ्या माणसाने नुसता टेकवून ठेवला. आणि मी वर न चढता काम झालं म्हणून सही केली." त्याने कपाळ पुसलं. "सिस्टर, चुकलं माझं."

'मावशी'ची 'सिस्टर' झाल्याचं नवऱ्याच्या लक्षात आलं. तो गालातल्या गालात हसला.

"बाळ शनिवारी येतंय," सिस्टर म्हणाल्या.

"शनिवार कशाला? आत्ताच करतो." त्याने गाडीतून अवजारं आणली, बाह्या सारल्या आणि तो स्वतः वर गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याने वरून आवाज दिला, "करा चालू!" सिस्टरनी बटण दाबलं. जाळीची पट्टी एकदा थरथरली आणि मग अशी फडफडली की सिस्टरनी नवऱ्याचे दोन्ही हात धरून त्याला गर्रकन फिरवलंच.

हात पुसत कंत्राटदार दारात घुटमळला. "एक आजोबा आहेत. महिनाभर तक्रार करताहेत. त्यांनाही मी वयाचंच कारण सांगितलं. त्यांच्याकडचं कामही याच माणसाचं."

"मग उभे का? लावा फोन!"

शनिवारी लेक आली. कापडात गुंडाळलेली इवलीशी नात खोलीत पोचताच गाढ झोपली. तक्त्यावर पंचवीस. सगळे श्वास रोखून पाहत असताना सिस्टरचा फोन थरथरला.

"सिस्टर, आजोबांच्या माळ्यावरही तेच निघालं!" कंत्राटदार ओरडत होता. "आणखी दोन घरांत सोमवारी जातोय. तुमचे थर्मामीटर मिळतील?"

"हळू बोला, बाळ झोपलंय," सिस्टर कुजबुजल्या, आणि पुढच्याच क्षणी न राहवून ओरडल्या, "थर्मामीटर कसले, मीच येते!"

नात हलली आणि ओठ मुडपून पुन्हा झोपी गेली.