ड्रायव्हरमामांची ब्रेक नसलेली गाडी

जन्मभर बस चालवून ड्रायव्हरमामा निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही. जेवायला बसले तरी टेबलाखाली ब्रेक दाबायचे. दाबून दाबून फरशीला खळगा पडला आणि घरचं मांजर त्यात पाणी प्यायला लागलं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. मामांचं घर उताराच्या माथ्यावर, माझं केशकर्तनालय पायथ्याशी. मामांना रोज खाली यायचं असायचं. केस नावालाच उरले होते, पण गप्पांना कुठे केस लागतात? शेवटी मुलानं त्यांना बॅटरीवर चालणारी, खुर्चीसारखी चारचाकी स्कूटर आणून दिली. हँडलपाशी एक खटका. दाबला की गाडी चालते, सोडला की आपोआप थांबते. ब्रेक म्हणून वेगळा नाहीच. शेजारी वेगाची चकती, तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं.

पहिल्याच दिवशी मांजर आडवं आलं. मामांच्या पायानं नसलेला ब्रेक करकचून दाबला, त्या जोरात हातानं खटकाही दाबला. मांजर वाचलं, शेजारीणबाईंच्या कुंड्या गेल्या आणि मामा त्यांची वाळत घातलेली चादर पांघरून माझ्या दारात हजर झाले.

मामांचा मुलगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. गल्लीत त्याला हेल्मेटसाहेब म्हणतात, कारण तो बल्ब बदलतानाही हेल्मेट घालतो. त्यानं किल्ली काढून घेतली.

"रविवारी माझ्यासमोर परीक्षा. चुकलात तर गाडी विकून टाकणार."

"आणि मी काय करू?"

"घरात बसायचं, बाबा. घरात धोका नसतो."

"भिंतीशी किती बोलू रे?" मामा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत.

सूनबाईंना राहवलं नाही. त्यांनी मामांच्या हातात कपड्यांचा चिमटा दिला. "बाबा, हा दाबून बसा. मी 'मांजर!' म्हटलं की सोडायचा." झालं, तालीम सुरू! भाजी चिरता चिरता 'मांजर!', फोनवर बोलता बोलता 'मांजर!' मामा इतके तयार झाले की हातात असेल ते सोडू लागले. चहाचे कप फुटले, चष्मा पडला, एकदा तर डॉक्टरांचा हात हातात घेतला होता तोही सोडला. डॉक्टरांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

रविवारी सगळी गल्ली जमली. हेल्मेटसाहेबानं गाडीला झेंडा, आरसे, भोंगा आणि सीटला पट्टा बसवला होता. गाडी कुठे संपते आणि बंदोबस्त कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

"आधी मी दाखवतो," तो म्हणाला. पट्टा आवळून बसला, चकती सशावर नेली. "पकड घट्ट, प्रवास सुरक्षित!" ही घोषणा त्यानंच कारखान्यासाठी रचलेली.

गाडी उताराला लागली आणि साहेबाची पकड आणखी घट्ट झाली.

आता, ससा म्हणजे तरी काय? जरा पाय उचलून चालणाऱ्या माणसाचा वेग. त्यामुळे अख्खी गल्ली गाडीबरोबर चालत सल्ले देऊ लागली.

"साहेब, ब्रेक मारा!"

"ब्रेक सापडत नाहीये!"

"भोंगा वाजवा!" तो त्यानं वाजवला.

माथ्यावरून मामा ओरडले, "अरे, सोड! सोड तो खटका!"

"सोडला तर पडेन ना, बाबा!"

"मांजर!" सूनबाई किंचाळल्या. साहेबाची तालीम कुठे झाली होती? त्यानं मांजर शोधायला मान वळवली आणि धाडकन माझ्या दुकानाच्या पायरीवर आदळला. पुढची चाकं पायरीला अडली, मागची गरगरतच राहिली. साहेबाचे डोळे मिटलेले, मुठी खटक्यावर आवळलेल्या. एवढं तयार गिऱ्हाईक दारात आलेलं पाहून मी सवयीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

काठी टेकत, सूनबाईंच्या आधारानं मामा हळूहळू खाली आले. त्यांनी किल्ली फिरवली, चाकं थांबली. मग किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"उतर आता. माझी पाळी."

साहेब उतरला. किल्ली परत मागायला त्याचं तोंड उघडलं होतं, पण सूनबाईंनी नुसतं पाहिलं आणि ते मिटलं.

मामांनी चकती कासवावर आणली. माझी कात्री, वस्तरा, आरसा, बाकावरची मंडळी, सगळ्यांवर मालकासारखी नजर फिरवली आणि चढाला लागले.

"बाबा, मीही बसू का मागे?" साहेबानं विचारलं.

"एका माणसाची गाडी आहे. चालत ये."

हेल्मेट आणि गळ्यात माझं कापड अशा थाटात तो गाडीच्या पाठीला खेटून चालू लागला. अर्ध्या चढावर सूनबाईंनी हाक दिली, "मांजर!"

गाडी जागच्या जागी थांबली. साहेब मागून येऊन तिच्यावर आदळला.

मामांनी आरशात पाहिलं. "सुरक्षित अंतर ठेव रे," ते म्हणाले, "उद्यापासून हा रोजचा रस्ता आहे."