नारिंगी पट्ट्याची शिडी

शनिवार, २६ ऑक्टोबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आर्लीन हुडाक रस्ता ओलांडून ड्वेन फिफरच्या अंगणात गेली आणि बर्फ काढायच्या फावड्याने तिने तिथला एक प्लॅस्टिकचा सांगाडा मोडला. चार घाव घातले. कवटी घरंगळत फुटपाथपर्यंत गेली. दुसऱ्या सांगाड्याला ती काही करू शकली नाही. तो शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीला एका हाताने लटकत होता आणि फावडं तिथवर पोचत नव्हतं.

आर्लीन एकोणसत्तर वर्षांची आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली. क्लीव्हलंडच्या दक्षिणेकडच्या आमच्या या गल्लीत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्या सकाळीही तो चढला नाही.

ड्वेनचं अंगण सणासणाला हवेने फुगवलेल्या पुतळ्यांनी वर्षभर बदलत असतं. फेब्रुवारीत लाल बदाम, मार्चमध्ये आयरिश सणाचा हिरव्या टोपीचा बुटका, ईस्टरला आठ फुटी ससा, जुलैत झेंडा धरलेला गरुड, नोव्हेंबरात टर्की आणि डिसेंबरात सांता त्याच्या सगळ्या खटल्यासकट. हवा भरणाऱ्या पंख्यांची घरघर रात्री अकरापर्यंत चालते. पंखे बंद झाले की ही मंडळी सकाळपर्यंत गवतावर चपटी होऊन पडलेली असतात. आर्लीनचा नवरा एमिल खिडकीतून बघून म्हणायचा, "सांता आजही पिऊन पडलाय." त्याच्या तक्रारीची मजल एवढीच.

ऑक्टोबरात मात्र पंखे नसतात, हॅलोविनच्या भुताखेतांच्या सणाचे सांगाडे असतात. रोज संध्याकाळी ड्वेन त्यांना नवा प्रसंग देतो. सोमवारी ते गळ टाकून मासे धरत होते, बुधवारी एक दुसऱ्याची दाढी करत होता. लोक गाड्या हळू करून फोटो काढतात. शुक्रवारचा प्रसंग असा होता: छताला लावलेली शिडी, वर लटकलेला एक सांगाडा, खाली उताणा पडलेला दुसरा. त्याच्या तोंडावर वाळलेला पाला. शेजारी पाटी, "पुढच्या वेळी माणूस बोलवा."

एमिल गेल्या वर्षी चार नोव्हेंबरला छताच्या पन्हळीतला पाला काढताना पडून वारला.

ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ड्वेन अंत्यविधीला आला होता. त्याची बायको कॉनी बटाट्याचं पातेलं घेऊन आली होती. प्रश्न शिडीचा होता. एमिलकडे दोन शिड्या होत्या. अठ्ठावीस फुटांची लांब शिडी ड्वेनने छतावर दिवे लावायला म्हणून नेली होती आणि ती त्याच्याकडेच राहिली. त्या दिवशी एमिल घरातल्या आखूड, घडीच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला. आर्लीन चर्चच्या तळघरात पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरायला गेली होती. निघताना ती एमिलला म्हणाली होती, उद्या पाऊस आहे, आज पन्हळ साफ झालीच पाहिजे. बाराला परतली, तेव्हा तो अंगणातल्या फरशीवर पडलेला होता.

तेव्हापासून ती एकाच गोष्टीवर अडून आहे. एमिल लांब शिडी मागायला ड्वेनकडे गेला होता का? गेला नसेल, तर तिच्या घाईपायी तो हाताला लागेल त्यावर चढला. गेला असेल, तर त्याला कुणीतरी रिकाम्या हाताने परत पाठवलं. वर्षभर तिने विचारलं नाही. शिडी ड्वेनच्या घरामागे होती, डोळ्यांसमोर नव्हती. शनिवारी सकाळी तिने पडदा सारला आणि ती दिसली, खालून तिसऱ्या पायरीजवळ नारिंगी पट्ट्यासकट. एमिल मोटारींच्या कारखान्यात होता. तिथे प्रत्येकजण आपल्या हत्यारांना आपला रंग लावतो, म्हणजे ती दुसऱ्याच्या पेटीत जात नाहीत. नारिंगी रंग एमिलचा.

ड्वेन पायजम्यावरच बाहेर आला. आर्लीन तोवर शिडीचा दोर सोडत होती.

"आर्लीन, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? प्लॅस्टिकचा आहे तो."

"शिडी प्लॅस्टिकची नाही."

ड्वेनने शिडीकडे पाहिलं. ती आपली नाही, हे त्याच्या खरंच लक्षात नव्हतं, असं तो नंतर पोलिसाला म्हणाला. वस्तू वर्षभर घरात असली की आपलीच वाटते. प्रसंगाची कल्पना इंटरनेटवरून घेतली होती, अर्ध्या देशात लोक हेच करतात, एमिलचा विचार मनातही आला नव्हता. हे सांगताना तो दोनदा म्हणाला की त्याच्या सांगाड्यांनी गेल्या वर्षी गावचं बक्षीस मिळवलं होतं.

पोलीस पंचविशीतला होता. त्याने आधी आर्लीनला फावडं खाली ठेवायची विनंती केली. तिने ते पुसून कुंपणाला टेकवलं. ड्वेनने फोनवर चित्रफीत दाखवली. दाराच्या घंटीतल्या कॅमेऱ्यात चारही घाव स्पष्ट आले होते.

आर्लीनने ती शेवटपर्यंत पाहिली. मग विचारलं, "हा डोळा गेल्या वर्षी होता?"

होता, पण जुनं सगळं आपोआप पुसलं जातं, असं ड्वेन म्हणाला.

"मग तूच सांग. चार तारखेला सकाळी एमिल तुझ्या दारात आला होता का?"

"मला काय आठवणार? वर्ष झालं. आणि आत्ता प्रश्न तुझ्या फावड्याचा आहे."

"तुला ससा कितव्या कोनाड्यात ठेवलाय ते आठवतं, ड्वेन. गरुडाचा पंखा कधी बदलला ते आठवतं. माझा नवरा आला होता की नाही, तेवढं आठवत नाही."

कॉनी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "सांग ना तिला."

"कॉनी, आत जा."

ती आत गेली. पोलिसाने वहीत काय लिहिलं, ते कळलं नाही. गवतावर विखुरलेल्या बरगड्या त्याने मोजल्या, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

सोमवारी ड्वेनने गल्लीतल्या एका मध्यस्थामार्फत निरोप धाडला. आर्लीनने माफी मागितली, तर तो तक्रार मागे घेईल, शिडीही आणून देईल. आर्लीनने मध्यस्थाला कॉफी दिली आणि सांगितलं की शिडी नको, उत्तर हवं. आणि माफीबद्दल म्हणशील, तर दुसरा सांगाडा मोडायचा राहून गेला, तेवढ्याची मागेन.

कॉनी त्या शनिवारपासून आपल्या बहिणीकडे आहे. कॉनीशी बोलणं झालं का, हे आर्लीन सांगत नाही. न्यायालयाची तारीख २१ नोव्हेंबर आहे.

शुक्रवारी, एक तारखेला, ड्वेनने सांगाडे काढले आणि टर्की फुगवली. मग छतावर नाताळचे दिवे लावले, त्याच शिडीवर चढून. आज सकाळी ती त्याच्या भिंतीला टेकलेली आहे. नारिंगी पट्ट्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे.