सासूबाईंची बॅच

सुनेने प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. पेशी जिवंत होत्या. नुसत्या जिवंत नाहीत, चांगल्या टवटवीत, तळाला घट्ट चिकटून बसलेल्या.

त्या मरायला हव्या होत्या. माणसाच्या शरीरात सूज आणणारं एक प्रोटीन तिची सासू कंपनीच्या खालच्या मजल्यावर जिवाणूंकडून करून घ्यायची. जिवाणूंमध्ये माणसाचं जनुक घालायचं, त्यांना टाकीत वाढवायचं, मग प्रोटीन वेगळं काढून शुद्ध करायचं. ते संशोधनासाठी प्रयोगशाळांना जायचं. त्याआधी उंदराच्या पेशींवर घालून बघायचं; पेशी मेल्या तर बॅच पास. हे बघायचं काम सुनेचं. सासूच्या कामात खोट काढायचा पगार मिळणारी सून जगात मी एकटीच, असं ती मैत्रिणींना ऐकवायची.

आज मात्र हसू येईना. शुद्ध करायची ही नवी पद्धत सासूने साहेबांशी भांडून, हट्टाने बसवली होती. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही बॅच गेली तर माल बाहेरून मागवू, टाकी बंद. टाकीवाचून सासू दिवसभर घरात, हे सुनेला सासूसाठी बघवलं नसतं आणि स्वतःसाठी तर नाहीच.

ती 'नापास' लिहायला गेली आणि थबकली. प्लेटच्या कडेच्या खळग्यांच्या ओळीत तुलनेसाठी आधीच्या पास बॅचचा नमुना घातलेला होता. तो कधी फसला नव्हता. तिने प्लेट सरकवली. तिथल्या पेशीही ठणठणीत.

म्हणजे खोट प्रोटीनमध्ये नव्हतीच. पेशींचा बचाव मोडणारं एक औषध सोबत घालावं लागतं. त्याशिवाय त्या कशालाच दाद देत नाहीत. तिने बर्फाचा डबा उघडला. औषधाची कुपी सीलबंद.

ती धावतच जिना उतरली. लग्न झाल्यापासून तिने सासूपुढे एकही चूक कबूल केलेली नव्हती. दूध उतू गेलं तरी दोष गॅसचा असायचा.

"आई! चूक माझी आहे! औषध घालायचंच राहिलं!"

निकालाची वाट बघत सासू टाकीजवळ स्टुलावर बसली होती.

"काय म्हणालीस?"

"चूक माझी आहे."

"पुन्हा म्हण."

"माझी, आई. सगळी माझी."

दोघी इतक्या हसल्या की पलीकडे टाकी धुणारा माणूस नळ बंद करून बघायला आला.

तपासणी नव्याने झाली. दुसऱ्या दिवशी सुनेने सासूला वर नेऊन मायक्रोस्कोपसमोर बसवलं. इतकी वर्षं प्रोटीन करूनही ते करतं काय, हे सासूने डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"किती मेल्या गं?"

"एकही वाचली नाही."

"बिचाऱ्या," सासू म्हणाली. चष्मा कपाळावर सरकवून ती पुन्हा वाकली. "थांब, अजून जरा बघू दे."