तेलाच्या नळीवरची पेस्ट

म्हाताऱ्याने फटी बुजवायच्या पेस्टची ट्यूब उचलली आणि गार्थ हातातलं काम टाकून पुढे झाला.

इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोला तेल पोचवणारी नळी ती. तिचं भोक ते केवढं, काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल. तिथे नुसतं कोरडं पॅकिंग लावायचं, बास. पण गार्थचे वडील वेन्डेल यांची हयात गेली पेस्ट थापण्यात. ओहायोतल्या त्या गल्लीत कुणाची गाडी गळली की हे ट्यूब घेऊन हजर. आता बोल्ट आवळले की जादा पेस्ट आत सरकणार, भोक बुजणार आणि नवाकोरा टर्बो तेलावाचून जळणार. गार्थला हे लख्ख दिसत होतं.

"बाबा, याला पेस्ट नको म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"खोक्यातल्या कागदावर लिहिलंय."

"मग त्या कागदाकडूनच बसवून घे की! मी कशाला इथे थंडीत कुडकुडतोय?"

झालं, गार्थने बोल्ट पुढे केले आणि म्हाताऱ्याने पेस्ट थापून नळी आवळली. हाताचा कंप वाढला म्हणून म्हाताऱ्याचं लायसन्स गेलं, तेव्हा हा माणूस सोफ्यावर जो पडला तो जेवायलाही उठेना. बहीण लोरीनने बजावलं होतं, "काहीही कर, पण त्यांच्या हाताला काम दे. पुन्हा असे निजले तर उठायचे नाहीत." म्हणून तर ही टर्बोची टूम! नाहीतर गार्थच्या जुन्या लाल गाडीचं काय अडलं होतं? पण रेडिएटर नवा आला, टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी आली, आणि दर शनिवारी म्हातारा उजाडताच गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसू लागला. शिव्या काय, टोमणे काय! घरात जीव आला होता. तो कसा घालवायचा?

गार्थने ठरवलं, हे जेवायला आत गेले की नळी काढून पुसून टाकू. तर कसलं काय, म्हाताऱ्याने सँडविच गॅरेजातच मागवलं.

"चल, चालू करू," बोटं चाटत ते म्हणाले.

"उद्या करू ना बाबा. पेस्ट वाळू दे."

"ही लगेच वाळते. तुझ्यासारखी मठ्ठ नाही ती. किल्ली दे इकडे, मीच लावतो."

आणि गार्थने किल्ली दिली. दुसरं काय करणार होता बिचारा?

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. म्हातारा पोरासारखा हसला. "ऐक, ऐक, शिट्टी ऐक त्याची!" गार्थही हसला, आणि मनात देवाचा धावा करत उभा राहिला. थोड्या वेळाने शिट्टी चिरकली, आत काहीतरी घासल्यासारखं करकरलं आणि मागून निळा धूर निघाला. वेन्डेलनी गाडी बंद केली.

"माझंच चुकलं, बाबा," गार्थ घाईघाईने म्हणाला. "चालू करण्याआधी टर्बोत थोडं तेल ओतायचं असतं. ते राहूनच गेलं."

म्हातारा स्टेअरिंग सोडून त्याच्याकडे वळला.

"तू ते तेल ओतलंस, तेव्हा उजेडाला बॅटरी कोण धरून उभं होतं रे?"

गार्थची मान खाली गेली.

"पेस्टनेच घात केला ना?"

गार्थ फडक्याने हात पुसू लागला.

"तुला माहीत होतं."

गार्थला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"गेल्या वर्षी मी असं केलं असतं, तर भांडला असतास माझ्याशी," वेन्डेल म्हणाले. "पाना हिसकावून घेतला असतास हातातून."

ते दाराला धरून उतरले आणि घराकडे निघाले. गार्थ मागोमाग धावला. "बाबा, अहो, निदान शिव्या तरी द्या!"

वेन्डेल पायरीवर थांबले. एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं, अगदी गोड आवाजात म्हणाले, "दमला असशील. जेवून घे हं." आणि आत गेले.